थंडोबाची अर्धी निवृत्ती

थंडोबाने नोकरी सोडली, पण पुरती नाही, अर्धी. पेन्शनचं वय अजून लांब होतं. गाठीला जे होतं त्यावर अर्धं घर चालेल, उरलेल्या अर्ध्यासाठी कुठेतरी हलकंसं काम धरायचं, असा बेत त्याच्या बायकोने आखला. बेत कसला, फर्मानच ते. काम असं हवं की सकाळी जावं, दुपारी जेवायला घरी यावं, डोक्याला ताप नको आणि कपड्यांना वास नको. गल्लीतल्यांनी नाकं मुरडली. एवढा धडधाकट माणूस घरी बसतो म्हणजे काय? बायको घरी पडदे शिवायची आणि तिचं तोंड मशीनपेक्षा वेगात चालायचं. ती म्हणायची, "हे कुठे घरी बसतात? अर्धेच बसतात. उरलेले अर्धे बाहेर असतात, म्हणून तर माझं शिवण होतं."

थंडोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो शीतगृहात कामाला आहे, असं घरच्यांनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं. शिवाय माणूसही असा, की अंगावर झुरळ पडलं तर आधी त्याच्याकडे नीट बघेल आणि मग झटकेल. दोन्ही मिळून नाव चिकटलं. शीतगृह अगदीच थाप नव्हती. तो ज्या इमारतीत जायचा तिच्या मागच्या भागात शीतगृह होतंच. थंडोबा पुढच्या भागात होता, जिथे मेंढ्या जिवंत यायच्या.

त्या पुढच्या भागाबद्दल गोडगोड काही सांगण्यात अर्थ नाही. सकाळी दार उघडलं की आधी वास अंगावर यायचा आणि मग आवाज. साखळ्यांचा, पाण्याच्या नळीचा, खुरांचा, माणसांच्या शिव्यांचा. अरुंद वाटेने मेंढ्या एकामागे एक ढकलल्या जायच्या. पुढची अडली की मागचे कामगार लाथा घालायचे, शेपटी पिरगाळायचे, एक जण तर सरळ डोळ्यात बोट घालायचा. फरशी कायम निसरडी. जनावरावरून सटकलेली सुरी माणसाच्या मांडीत गेली, असं अधूनमधून व्हायचंच. एकाचं बोट तुटलं तर ते शोधेपर्यंत रांग थांबवायला मुकादम तयार नव्हता. जेवणाच्या सुट्टीत दोघे जण एकमेकांवर सुऱ्या घेऊन धावले होते, आणि कारण काय, तर बाकावरची जागा. दिवसभर मारत राहिलं की हाताला दुसरं काही सुचत नाही, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी एक आठवडा तिथे उभं राहून बघावं.

थंडोबाची तऱ्हा वेगळी होती. मेंढी पुढ्यात आली की तो डावा तळहात तिच्या कपाळावर ठेवायचा, दोन डोळ्यांच्या मधे अंगठ्याने हळूहळू चोळायचा आणि घशातल्या घशात "हं, हं, हं" असं काहीतरी पुटपुटायचा. थोड्या वेळाने मेंढीची मान सैल पडायची, श्वास खाली यायचा. मग उजवा हात. सुरी कधी फिरली ते तिला कळायचंही नाही. "आला अंगाईवाला," म्हणून बाकीचे त्याची टर उडवायचे, पण बेफाम झालेलं जनावर असलं की त्याच्याकडेच पाठवायचे. मुकादम काही बोलायचा नाही. न घाबरलेल्या जनावराचं मांस मऊ निघतं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

मुलगी बारा वर्षांची असताना एकदा थंडोबा डबा घरी विसरला. मुलगी डबा घेऊन गेली, आणि दारावरच्या शहाण्याने तिला आत सोडलं. प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या पडद्याआड ती डबा छातीशी धरून उभी राहिली. आपल्या बापाचा हात तिने मेंढीच्या कपाळावर पाहिला, अंगठा डोळ्यांच्या मधे फिरताना पाहिला, ते "हं, हं" ऐकलं आणि मग पुढचंही पाहिलं. डबा तिथेच ठेवून ती परतली. त्या दिवशी झोपताना थंडोबाने नेहमीसारखा तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि ती त्याच्या अंगठ्याला चावली. नुसती चावली नाही, दात रुतवून बसली. हाडाला दात लागले तरी सोडेना. शेवटी बायकोने नाक दाबलं तेव्हा तिचं तोंड उघडलं. अंगठ्यावरचा तो वण अजून आहे. त्या दिवसापासून मुलगी त्याला अहो-जाहो करू लागली, आणि तिच्या कपाळाला त्याचा हात पुन्हा कधी लागला नाही.

तीच मुलगी पुढे इस्पितळाच्या लॅबमध्ये लागली. लग्न झालं, नवरा दूरच्या नोकरीवर, पदरात एक मुलगी. पाळ्यांची नोकरी सांभाळताना तिच्या नाकी नऊ आले, आणि पोरीला आजोळी ठेवण्यावाचून इलाज उरला नाही. तेव्हा तिने बापासमोर बसून अट घातली. आवाज अगदी शांत होता.

"बाबा, तुम्ही काय काम करत होतात ते तिला कधीही कळता कामा नये. तिच्यासमोर तुमच्या हातात सुरी दिसता कामा नये. ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी मी तिला घेऊन जाईन आणि परत आणणार नाही."

थंडोबाने मान हलवली. खरं सांगायचं तर अर्धी निवृत्ती त्याने घेतली तीच या नातीसाठी. घरात भाजी बायको चिरायची, पाव बायको कापायची, नातीच्या पेन्सिलीलासुद्धा टोक आजीच काढून द्यायची. सफरचंद थंडोबा अख्खं चावून खायचा. नातीला वाटायचं, आजोबाला सुरी धरताच येत नाही. "आण, मी देते कापून," म्हणायची, आणि हा बापडा मुकाट्याने सफरचंद तिच्या हातात द्यायचा. झोपताना मात्र ती स्वतःच त्याचा हात ओढून कपाळावर ठेवून घ्यायची.

हलकं काम मिळालं तेही मोठं मजेशीर. शहराच्या कडेला एका बाईंनी लहान मुलांसाठी प्राण्यांची बाग काढली होती. कुंपणात मेंढ्या, शेळ्या, ससे, बदकं. मुलांनी यायचं, मूठमूठ दाणे घ्यायचे, जनावरांना भरवायचं, आईबापांनी फोटो काढायचे. थंडोबाने दाणापाणी करायचं, शेण उचलायचं, मुलांना शेपट्या ओढू द्यायच्या नाहीत. मेंढ्यांची खुरं कापायची तेवढी गर्दी नसताना, मागच्या खोपटात. त्यासाठीचा आखूड चाकू तिथेच खिळ्याला टांगलेला असायचा. पहिल्याच दिवशी सगळ्या मेंढ्या त्याच्या मागे चालू लागल्या. बाई म्हणाल्या, "तुमच्या हाताला गुण आहे हो." थंडोबाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पण माणूस रुळतो. काही महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर तुकतुकी आली. सुट्टी असली की नात बरोबर यायची, मोठी कडा असलेली टोपी घालून. कापूस नावाची एक म्हातारी मेंढी होती, अर्धे दात पडलेली, ती हिची खास. दाणे चावत नाहीत म्हणून नात ते भिजवून न्यायची. थंडोबा फावड्यावर हनुवटी टेकवून बघत राहायचा आणि आपल्याला हे एवढं सुख कसं काय मिळालं, याचं त्याला नवल वाटायचं.

त्या सकाळी बागेत चांगली गर्दी होती. बागेच्या मागे एक भंगाराचं आवार होतं आणि राखणीला दोन दांडगी कुत्री. कुंपणाचा पत्रा कुणीतरी तिकडून उचकटला होता. आधी बदकं फडफडली. मग एक काळं कुत्रं सशांच्या जाळीवरून उडी मारून थेट मेंढ्यांत शिरलं, मागोमाग दुसरं. मेंढ्या एका कोपऱ्यात चेंगरल्या. कापूस म्हातारी, ती मागे राहिली. काळ्याने तिची मागची मांडी धरून तिला आडवं पाडलं, दुसऱ्याने पोटाखाली तोंड घातलं, आणि दोघे दोन बाजूंना ओढू लागले. मुलं किंचाळायला लागली. नात कुंपणावर चढली होती आणि "आजोबा, आजोबा" एवढंच ओरडत होती.

थंडोबा फावडं घेऊन धावला. पहिला घाव काळ्याच्या पाठीवर बसला. त्याने मांडी सोडली ती थंडोबाचा हात धरायला. कोपराखाली दात रुतले, कुत्र्याचं सगळं वजन हाताला लोंबू लागलं. थंडोबाने त्याला तसंच उचलून दगडी हौदावर आपटलं. एकदा, दोनदा. तोंड सुटलं. कुत्रं पडलं तसं त्याने फावडं उलटं धरलं आणि डोक्यावर घातलं. मग परत घातलं. दुसरं कुत्रं केव्हाच पत्र्याखालून पळालं होतं. काळ्याच्या डोक्याचं डोकं राहिलं नव्हतं, तरी याचा हात थांबेना. तोंडातून शिव्या बाहेर पडत होत्या, कत्तलखान्यात इतकी वर्षं ऐकलेल्या आणि कधी न दिलेल्या. शेवटी कुणीतरी मागून कमरेला मिठी मारली तेव्हा तो थांबला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलाच्या बापाने त्याची पाठ थोपटली. "कमाल केलीत, काका. वाघ आहात." त्या माणसाने आपल्या पोरालाही दाखवलं, बघ, काकांनी कसं मारलं. नात पळत येऊन पायाला बिलगली. थंडोबाने मात्र फावडं लांब फेकून दिलं. आयुष्यभर त्याने मारण्याचंच काम केलं, पण रागाने मारलेलं हे पहिलं जनावर. आणि त्यात एक क्षण त्याला बरं वाटलं होतं.

अंगातल्या एप्रनची पट्टी फाडून त्याने हात बांधला आणि कापूसकडे वळला. ती हौदाच्या आडोशाला एका कुशीवर पडली होती. लोकर दाट, त्यामुळे वरून फारसं दिसत नव्हतं. त्याने गुडघे टेकले, लोकर बाजूला केली आणि परत तशीच झाकली. पोट फाटलं होतं. आतलं बाहेर आलं होतं, त्याला माती लागली होती. यातून ती उठणार नव्हती. लवकर मरणारही नव्हती.

बाई फोनवर बोलून आल्या. "डॉक्टर गावाबाहेर आहेत, यायला वेळ लागेल. पण शांत आहे हो बिचारी. काही करू नका तुम्ही. डॉक्टर येऊ देत."

"आधी ही गर्दी बाहेर काढा," थंडोबा म्हणाला.

"काढते," बाई म्हणाल्या, पण लोक हलले तर ना. कुंपणाला चिकटून सगळे उभे होते. कुणी फोन वर धरले होते.

नात मेंढीच्या डोक्याशी बसली होती. आजोबाने शिकवल्यासारखी ती तिच्या कपाळावर अंगठा फिरवत होती. "बघ, कशी गप्प झाली. मी थोपटलं म्हणून. तिला बरं वाटतंय आता."

थंडोबाने मेंढीकडे पाहिलं. नाकपुड्या ताणलेल्या. वरच्या हिरडीवर खालचे उरलेसुरले दात करकर घासत होते. डोळा उघडा, नातीवर लावलेला. तो खोपटाकडे जाऊ शकत होता. तो डॉक्टरची वाटही बघू शकत होता, त्याला कुणी नावं ठेवली नसती. उद्या नात परत टोपी घालून त्याच्याबरोबर आली असती. त्याने हात काखेत दाबून धरले आणि तो तसाच बसून राहिला. मेंढीचे दात घासतच होते. आणखी थोडा वेळ असं बसलो तर जन्मभर स्वतःच्या तोंडावर थुंकावं लागेल, असं त्याला वाटलं.

"तिला बरं वाटत नाहीये," तो नातीला म्हणाला. "मेंढी दुखलं की ओरडत नाही. ओरडली तर लांडग्याला कळतं ना, ही दुबळी आहे म्हणून. त्यामुळे ती गप्प बसते. जितकं जास्त दुखतं तितकी जास्त गप्प."

नातीचा अंगठा थांबला. "म्हणजे आत्ता दुखतंय तिला?"

"हो."

"खूप?"

"खूप."

"मग तू काहीतरी कर ना, आजोबा."

"केलं तर तुला आवडणार नाही."

"कर ना. ती माझ्याकडे बघतेय."

थंडोबा उठला. खोपटात गेला, खिळ्यावरचा चाकू काढला, अंगठ्यावर धार पाहिली. परत आला तेव्हा त्याने नातीला डोळे मिटायला सांगितलं. तिने मान हलवली पण डोळे मिटले नाहीत. त्याने डावा तळहात कापूसच्या कपाळावर ठेवला. अंगठा डोळ्यांच्या मधे. "हं, हं, हं." दातांचं घासणं हळू झालं. मान सैल पडली. मग उजवा हात फिरला, एकदाच, आणि सगळं मातीत वाहून गेलं. पाय थोडे झाडले आणि संपलं.

आधी एक बाई किंचाळली. मग ज्याने पाठ थोपटली होती त्याच माणसाने आपल्या पोराचे डोळे दोन्ही हातांनी झाकले. "लहान मुलांसमोर? कसाई आहेस का रे तू?" 'काकां'वरून तो एकेरीवर आला होता. कुत्र्याचा फुटलेला मेंदू हौदावरून ओघळत होता, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

बागेच्या मालकीणबाई रडत होत्या. "कुत्र्याचं मी लोकांना सांगू शकते. हे काय सांगू? तुम्ही जा. उद्या येऊ नका."

थंडोबाने चाकू धुऊन परत खिळ्याला टांगला आणि हलक्या कामाचा गाशा गुंडाळला. नात फाटकाशी उभी होती. टोपी तिने भुवयांपर्यंत खाली ओढली होती. त्याने हात पुढे केला, तिने धरला नाही. ती चार पावलं मागे राहून चालू लागली. बराच रस्ता असाच गेला.

"तुला सुरी येते," ती मागून म्हणाली.

"हो."

"शीतगृहात हेच करायचास?"

इथे खोटं बोलायला खूप जागा होती. थंडोबा थांबला. "हो. रोज."

"माझ्या कपाळावर पण तसंच करतोस."

या वाक्याला तो आयुष्यभर घाबरत आला होता. मुलीने ते कधी तोंडाने म्हटलं नाही, दातांनी म्हटलं. "ते तिथलं नाही," तो म्हणाला. "तुझी आई तान्ही होती तेव्हा दिवसरात्र रडायची. काही केल्या झोपायची नाही. एकदा असा हात ठेवला आणि झोपली. मग मला वाटलं, तिथे ती जनावरं एवढी घाबरतात, त्यांनाही करून बघावं. घरून तिकडे नेलं मी ते. तिकडून घरी नाही आणलं."

नात मागूनच चालत राहिली. टोपी तशीच राहिली.

घरी पोचले तर बायकोचं मशीन बंद होतं. बाईंचा फोन येऊन गेला होता, आणि तिने घाबरून मुलीला कळवलं होतं. मुलगी पाळी अर्धी टाकून, कामाच्या कोटातच आलेली. तिने बापाकडे पाहिलंही नाही. नातीचे कपडे, रंगपेटी, घरात घालायच्या चपला, सगळं तिने पिशवीत कोंबलं आणि पिशवी दाराशी ठेवली. थंडोबा मोरीशी उभा होता. नखांत रक्त होतं. त्याने हाताची पट्टी सोडली तशी मुलीची नजर तिकडे गेली.

"हे कुत्र्याने केलंय? आणि धुतलं नाहीत अजून?"

ती तरातरा आली, त्याचा हात नळाखाली धरला, साबण घेतला आणि घासायला लागली. कुत्र्याची जखम आहे, नीट धुतलीच पाहिजे, हे तिला माहीत होतं, पण एवढ्या जोराने घासायचं काही कारण नव्हतं. "एकच गोष्ट सांगितली होती मी. एकच." जखमेतून पुन्हा रक्त आलं. तिने ब्रश घेतला, नखं घासली, बोटं घासली, वण असलेला अंगठा घासला. "माझ्या पोरीसमोर. तेच. हाताने तेच." ब्रशाखाली कातडी सोलवटली, पाणी लाल झालं. थंडोबा उभा होता. हात मागे घेतला नाही, हूं की चूं केलं नाही. डोळे उघडे, मुलीवर लावलेले. बायको दाराला धरून उभी होती.

नात पिशवीपाशी होती. ती हळूच आत आली. टोपी वर सरकवून तिने आजोबाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि आईचा कोट ओढला.

"आई, हळू घास. तो गप्प बसलाय."

"बसू दे."

"नाही. दुखलं की गप्प बसतात. जितकं जास्त दुखतं तितकं." मग तिला आणखी काहीतरी आठवलं. "आणि ते कपाळावरचं आहे ना, ते आधी तुझं होतं. तू झोपायची नाहीस म्हणून. मग त्याने ते मेंढ्यांना नेलं."

ब्रश थांबला. नळ वाहत होता. मुलगी त्या अंगठ्याकडे बघत राहिली, त्यावर तिचेच दात होते. मग तिने नळ बारीक केला.

"बाबा," ती म्हणाली, "दुखतंय का तुला?"

"हो," थंडोबा म्हणाला.